चारशे बारा श्रोते

मला शाळेत भोंगा म्हणतात. आवाज मोठा आहे म्हणून, आणि तोंड बंद होत नाही म्हणूनही. पहिलं कारण मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल माझं म्हणणं असं की ज्यांच्याकडे बोलायला काही नसतं त्यांना दुसऱ्याचं बोलणं नेहमीच जास्त वाटतं. तर आमचा रेडिओ सुरू झाला तेव्हा माइकसमोर कोण बसणार यावर फारशी चर्चा झाली नाही.

रेडिओची कल्पना मात्र तारची. तार म्हणजे माझ्या वर्गातला मुलगा. खिशात कायम कसली ना कसली वायर, म्हणून तार. बालवाडीपासून आम्ही शेजारी बसतो. तो बोलत नाही आणि मी थांबत नाही, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नव्हतं.

एकाच संस्थेच्या सात शाळा आहेत आणि सातही शाळांचे संगणक एकाच जाळ्यात जोडलेले आहेत. त्या जाळ्याच्या चाव्या मुख्य कार्यालयात. बाहेरची गाणी बंद, व्हिडिओ बंद, गप्पा बंद. तारने एकदा तासभर त्या जाळ्यात डोकं खुपसलं आणि वर काढून मला म्हणाला, "बाहेरचं आत येत नाही. पण आतलं आत फिरू शकतं. आपल्या लॅबमधून आवाज सोडला तर तो सातही शाळांत पोचेल. कुणाची परवानगीसुद्धा लागणार नाही."

"कसला आवाज?"

"तुझा," तो म्हणाला. "नाहीतरी फुकट जातोय."

सात शाळांतली आमची सगळ्यात लहान. सहा खोल्या, दीडशे मुलं, वस्तीच्या अगदी टोकाला. बाकीच्या शाळांनी वापरून टाकलेलं सगळं आमच्याकडे यायचं. बाकं आली, नकाशे आले, संगणक आले, एकदा तर एक मुख्याध्यापकही आले. त्या टाकाऊ संगणकांतला एक तारने उघडला, झटकला, दुसऱ्या दोघांचे अवयव काढून त्याला बसवले आणि चालू केला. लॅबमागच्या अडगळीच्या खोलीत आमचा स्टुडिओ झाला. आवाज घुमू नये म्हणून आईने भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकून दिल्या.

आई म्हणजे आमच्या शाळेची शिपाई. घंटा तिची, कुलपं तिची, पाण्याची टाकी तिची. फाटकाच्या आत मी तिला आई म्हणायचं नाही असा तिचा नियम होता. सगळी मुलं मावशी म्हणतात तर मीही मावशीच म्हणायचं. "नाहीतर म्हणतील शिपाईणीची पोर म्हणून डोक्यावर बसते," ती म्हणायची. मी डोक्यावर बसायचेच, पण मावशी म्हणून.

मधल्या सुट्टीत अर्धा तास कार्यक्रम. आठवड्याच्या सहा दिवशी बाकीच्या सहांतली एकेक शाळा आपला कार्यक्रम रेकॉर्ड करून पाठवणार, मधे मधे मी बोलणार, असं ठरलं. संगणकाचे सर आमच्या बाजूने होते, म्हणजे विरोधात नव्हते. बिचारे कुणाच्याच विरोधात नसायचे. पण पहिल्या आठवड्यात ऐकणारे अकरा. त्यातले नऊ आमच्याच लॅबमध्ये बसलेले, उरलेले दोन आम्ही स्वतः. कारण रेडिओचा पत्ता म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ होती. ती टाइप करण्याइतकं कुणाचं आमच्यावर प्रेम नव्हतं.

मग तारनेच तोड काढली. सातही शाळांच्या लॅबमध्ये संगणक चालू केला की पहिलं पान आमच्या रेडिओचं उघडायचं आणि रेडिओ आपोआप सुरू व्हायचा. तशी सोय मुख्य कार्यालयातून एका झटक्यात सगळ्या संगणकांवर करता येत होती. सरांनी भीत भीत अर्ज दिला. कार्यालयाचे मुख्य, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात, ते चक्क खूश झाले. स्वतः आले, फीत कापली, माइकला हात लावून फोटो काढला. "माझी मुलं," असं म्हणाले. आम्ही त्यांची मुलं आहोत हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तारने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे ऐकणाऱ्यांचा आकडा दिसायचा. चारशे बारा. मी वाक्याच्या मधोमध होते. ते वाक्य मी पुरं केलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याची बोलती बंद झाली, असं तार नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला.

त्या आकड्याने आम्हाला वेड लावलं, दुसरा शब्द नाही. मी विनोद सांगितला तरी चारशे बारा. सातवीतल्या एका कवीने न संपणारी कविता वाचली तरी चारशे बारा. कधी चारशे दहा, कधी अकरा, पण त्याखाली नाही. श्रोते असावेत तर असे, मी म्हणायचे, मेले तरी उठत नाहीत. तार घरी जाताना एकटाच हसायचा. त्याचे वडील पंखे दुरुस्त करतात. पोरगं नुसतं वायरींत गुंतून फुकट जाणार असं ते ज्याला त्याला सांगायचे. आता तेच दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पंख्याआधी मुलाचा रेडिओ ऐकवायचे, म्हणजे त्याबद्दल ऐकवायचे.

एकच माशी शिंकली होती. संस्थेच्या सगळ्यात मोठ्या शाळेत आमची एक प्रतिनिधी होती, जाड भिंगांची, चष्मेवाली म्हणायचो आम्ही तिला. तिने मेहनत करून प्रश्नमंजूषा बनवली होती. दुसऱ्याच आठवड्यात तिचा संध्याकाळी फोन आला. "अगं, माझा कार्यक्रम मलाच ऐकू आला नाही. आमच्या लॅबमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही."

तार शेजारीच होता. मी फोन त्याच्या कानाला लावला.

"तुमच्या शाळेतले एकोणऐंशी जण ऐकत होते," तो म्हणाला. "मला इथे दिसतं ना."

"कुठे ऐकत होते?"

"तुझा हेडफोन बघ जरा."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने कार्यक्रम पाठवणं बंद केलं. हळूहळू बाकीच्या शाळांनीही बंद केलं. कुणी परीक्षेचं कारण सांगितलं, कुणी तेही नाही. आम्ही दोघांनी मिळून निकाल दिला की पोरं आळशी आहेत आणि चष्मेवाली जळते. आमच्या पानावर निरोप लिहायची जागा होती. तिथे आमच्या शाळेबाहेरून एकही निरोप आला नाही, त्यावरही तारकडे उत्तर होतं. कार्यालय निरोप अडवत असणार, म्हणाला. समोर जिवंत पोरगी सांगतेय ते खोटं आणि कोपऱ्यातला आकडा खरा. असली चूक करायला संगणक चांगला यावा लागतो. ज्याला येत नाही तो सरळ शेजारच्या शाळेत जाऊन विचारेल.

त्याच आकड्यावर रेडिओला शालेय तंत्रज्ञान स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. अहवाल सरांनी लिहिला, आकडा तारने दिला, भाषण मी ठोकलं. साहेबांनी तारच्या नावाची शिफारस एका निवासी तंत्रशाळेकडे केली. फी माफ, राहणं माफ. तारच्या वडिलांनी त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं.

आणि मग एक दिवस साहेब पुन्हा आमच्या स्टुडिओत आले. वाकून दारातून आत शिरले, सतरंज्यांकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं देता का तुमच्या रेडिओवर? एक छोटीशी सूचना आहे."

मी उठून त्यांना खुर्ची दिली. माझ्या हाताने दिली.

साहेबांचा आवाज गोड आहे. व्यापक हित, एकत्रीकरण, उज्ज्वल भविष्य असं ते बराच वेळ बोलले. त्या सगळ्या गुळात मिरी होती ती एवढीच की वर्ष संपताच आमची शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत पाठवायची. ज्यांची काही हरकत असेल त्यांनी पंधरा दिवसांत मुख्य कार्यालयात कळवावी. बोलून झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. "चारशे बारा. वा!" म्हणाले, आणि तारच्या पाठीवर थाप मारून गेले.

मोठी शाळा आमच्या वस्तीपासून चालत तासाभरावर, तीही वाहतुकीचा रस्ता ओलांडून. पहिलीतली पोरं तिथे कशी जाणार हा एक प्रश्न. आईचं काय हा दुसरा. "जादा कर्मचाऱ्यांचा विचार यथावकाश होईल," असं कार्यालयातून कळलं. यथावकाश म्हणजे काय हे आईला मी समजावलं नाही. तिला कळलं होतं.

पण खरं सांगते, त्या दिवशी मी घाबरले नाही. मला आनंदच झाला. म्हाताऱ्याने आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं मी तारला म्हणाले. गुपचूप करायचं काम त्याने आपल्या रेडिओवर चारशे लोकांना सांगितलं. आता त्याच माइकवरून आपण बोलू. बघतेच कशी बंद होते शाळा.

आम्ही रोज बोललो. पहिलीतल्या एका पोराने सांगितलं की त्याला रस्ता ओलांडता येत नाही, कारण त्याला उजवं डावं कळत नाही. एका माजी विद्यार्थ्याने, जो आता सुतारकाम करतो, याच शाळेत आपण तीनदा नापास होऊनही कुणी हाकललं नाही, हे अभिमानाने सांगितलं. आणि शेवटी मी आईच्या मागे लागले. ती नको नको म्हणत होती. चार माणसांत ती कधी बोललेली नाही. घरातसुद्धा बाबा बोलायचे आणि ती भाजी ढवळायची.

ती माइकसमोर बसली आणि किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घट्ट धरून बोलली. "मी इथली शिपाई. सकाळी सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते. गणिताच्या पेपरला एखादं पोर येत नाही, तेव्हा ते घरी नसतं, टाकीमागे बसलेलं असतं. मी जाते, शेजारी बसते, मग ते उठतं. मोठ्या शाळेत हजार-दीड हजार पोरं आहेत म्हणतात. चांगली शाळा आहे, मी वाईट म्हणत नाही. पण तिथे टाकीमागे बघायला कोण जाईल, तेवढं कुणीतरी सांगावं. तुम्हाला वाटत असेल की ही शाळा राहावी, तर शनिवारी या. एवढंच."

बोलून झाल्यावर तिने घाम पुसला. "ऐकलं असेल का गं कुणी?"

मी तिला आकडा दाखवला. तिने जवळ जाऊन पाहिला. "एवढे?"

"एवढे."

"माझं?"

त्यानंतर दोन-तीन दिवस आई वेगळी चालत होती. तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण घंटासुद्धा वेगळी वाजत होती. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी चुकून दोनदा फाटकाच्या आत तिला आई म्हणाले आणि ती रागावली नाही.

शनिवारी सकाळी मुख्य कार्यालयाच्या आवारात जमायचं असं मी रोज ओरडून सांगितलं होतं. आमच्या शाळेतले साठेक पालक आले. सुतार आला. तारचे वडील आले. बाकीच्या सहा शाळांतून एक माणूस आला नाही. एक कुत्रं आलं, तेही सावलीला. आम्ही दुपारपर्यंत उभे राहिलो. साहेबांनी वरच्या खिडकीतून एकदा पाहिलं, पडदा सारला. आई फाटकाकडे बघत राहिली.

मला भयंकर राग आला. साहेबांचा नाही, त्या चारशे बारांचा. रोज मधल्या सुट्टीत फुकटची करमणूक ऐकता, आमच्या पोरांची रडगाणी ऐकता, माझ्या आईचं ऐकता, आणि शनिवारची सकाळ तुम्हाला जड होते? सोमवारी मधल्या सुट्टीत आपोआप सुरू होईल असा रेकॉर्ड केलेला कार्यक्रम लावून ठेवला आणि मी तारला सकाळीच ओढत मोठ्या शाळेत नेलं. एकेकाला धरून विचारणार होते.

चष्मेवाली नळावर बाटली भरत होती. मी तिच्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. तिने शांतपणे बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "चल."

ती आम्हाला लॅबपाशी घेऊन गेली. दाराला कुलूप होतं. तिने खिडकीकडे बोट केलं. आत रांगेने संगणक मांडलेले, सगळे चालू. प्रत्येक पडद्यावर आमचं पान. प्रत्येक पानावर आवाजाची हिरवी रेघ वरखाली होत होती, म्हणजे त्या क्षणी आमच्या शाळेतलं ते उजवं डावं न कळणारं पोर बोलत होतं. खोलीत एकही माणूस नव्हता, आणि आवाज म्हणाल तर पंख्याचाही नव्हता.

"सकाळी शिपाई येऊन सगळे चालू करतो, शाळा सुटताना बंद करतो," चष्मेवाली म्हणाली. "सुट्टीत लॅब बंदच असते. आणि तासाला बसलो तरी आवाज नसतो. तुमचा रेडिओ सुरू व्हायच्या आधी, परीक्षेच्या वेळी मुख्य कार्यालयाने सगळ्या शाळांचा आवाज बंद केला, तो परत चालू केलाच नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं."

तारने काचेला बोट लावून एक रांग मोजली, मग दुसरी. मधेच थांबला. मोजायची गरज नव्हती. एकोणऐंशी होते. आमच्या लॅबमधले संगणक इतके जुने की आवाज बंद करायचा कार्यालयाचा हुकूम त्यांना लागूच पडत नव्हता. म्हणून तेवढा आवाज आमच्याकडे चालू राहिला. आम्ही आमचाच आवाज ऐकत बसलो आणि समजलो की जग ऐकतंय.

मला रडू आलं नाही. मला माझ्या आवाजाची किळस आली. इतके महिने मी कुलूपबंद खोल्यांशी विनोद करत होते. आणि आईचं बोलणं? तेही इथेच आलं होतं, या काचेच्या आत, रिकाम्या खुर्च्यांपुढे.

परत येताना निम्मा रस्ता आम्ही भरभर चाललो. मग तार थांबला. "भोंग्या," म्हणाला, "मग साहेबांचंही कुणी ऐकलं नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. नियम असा होता की शाळा बंद करण्याआधी सातही शाळांतल्या मुलांना आणि पालकांना जाहीर सूचना द्यायची. साहेबांनी ती दिली होती फक्त आमच्या रेडिओवर. ती सूचना कुणाला पोचलीच नसेल, तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार. फलक लावा, पालकांच्या सभा घ्या, पुन्हा पंधरा दिवस थांबा. तोवर नवीन प्रवेश सुरू झाले असते आणि आमची शाळा निदान एक वर्ष वाचली असती. आमच्या फजितीनेच शाळा वाचणार होती. मी भर रस्त्यात तारला मिठी मारली. तो लाजून वायरीसारखा ताठ झाला.

गुरुवारी मुख्य कार्यालयात हरकतींवर सुनावणी होती. मी बोलायचं आणि तारने समजावून सांगायचं, असं ठरलं. आईला मी काही सांगितलं नाही. शाळा वाचली की मगच सांगू, म्हणजे एक वाईट बातमी एका चांगल्या बातमीच्या पोटात घालून देता येईल, असा माझा हिशेब होता.

लांब टेबल होतं. साहेब मधे, दोन्ही बाजूंना संस्थेचे सदस्य. आमच्या मुख्याध्यापिका बाईही होत्या. त्यांची बदली मोठ्या शाळेत आधीच झाली होती, त्यामुळे त्या अगदी निःपक्षपाती बसल्या होत्या. संगणकाचे सर टेबलाच्या टोकाला. पालक आणि आई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर.

साहेबांनी सुरुवात केली. "सातही शाळांना विद्यार्थ्यांच्याच रेडिओवरून जाहीर सूचना दिली. श्रोते चारशे बारा. हरकती आल्या त्या फक्त एका शाळेतून. बाकी कुणाची हरकत नाही, असाच याचा अर्थ."

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कुलूप, पडदे, हिरव्या रेघा, बंद आवाज. आमचा रेडिओ आजवर आमच्या शाळेबाहेर कुणीही ऐकलेला नाही, हे मी भर सभेत माझ्या तोंडाने म्हणाले. कोपऱ्यात बसलेल्या एका सदस्य बाईंनी लिहिणं थांबवलं, पेन खाली ठेवला. "असं असेल तर सूचना पुन्हा द्यावी लागेल," त्या म्हणाल्या.

जिंकलो, असं मला वाटलं.

साहेब चिडले नाहीत. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. ते हसले. "मला बुवा यातलं तांत्रिक काही कळत नाही. ज्याने बनवलं त्यालाच विचारू या." आणि तारकडे वळले. "बाळा, आकडा तू दिलास ना? त्याच आकड्यावर बक्षीस मिळालं, सरांनी अहवालावर सही केली, आणि त्याच आकड्यावर मी तुझी शिफारस केली. तो आकडा खोटा होता का? तसं असेल तर आत्ताच सांग, मला सगळ्यांनाच कळवावं लागेल."

सर आपल्या नखांकडे बघत होते. तारने खिशातून वायर काढली आणि बोटाला गुंडाळली. सोडवली, पुन्हा गुंडाळली. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघत नव्हता.

"चारशे बारा," तो म्हणाला.

"म्हणजे चारशे बारा श्रोते?"

"हो."

"आणि आवाज बंद होता असं ही म्हणते ते?"

"ते ज्याच्या त्याच्या संगणकावर असतं," तार म्हणाला. "मला इथून दिसत नाही."

सदस्य बाईंनी पेन उचलला. मी ओरडले, काय ओरडले ते मला आठवत नाही. साहेब म्हणाले, "मुलीचा आवाज मात्र खणखणीत आहे हं," आणि टेबलावर दोघं-तिघं हसले. ठराव मंजूर झाला.

बाहेरच्या जिन्यावर तारने मला गाठलं. "बाबांनी सगळ्यांना सांगितलंय गं," तो म्हणाला. "दुकानात येईल त्याला. मी काय करू? आणि आपली शाळा यंदा नाही तर पुढच्या वर्षी बंद केलीच असती त्यांनी. तुलाही माहितेय."

मला माहीत होतं. म्हणूनच जास्त चीड आली. मी त्याला एक शिवी दिली, जी मी आजवर कुणालाच दिली नव्हती, आणि त्याने ती मान खाली घालून घेतली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. बालवाडीपासूनची मैत्री अशी संपते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

व्हरांड्यात पालक उठून घोळक्याने बोलत होते. आई बाकावरच बसून होती.

"तुझा आवाज येत होता आतून," ती म्हणाली. "शब्द कळत नव्हते. काय झालं?"

"बंद."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "दुसऱ्या शाळांतून एकाचीही हरकत नाही?"

"नाही."

"मी बोलले ते त्यांनी ऐकलं होतं ना पण?"

खरं माझ्या ओठांवर होतं. आताच तर त्याच खऱ्यासाठी आत घसा फोडून आले होते. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की कुणी तिला नाही म्हटलेलं नाही, लोक वाईट नाहीत, त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. आणि हेही कळलं असतं की जन्मात एकदा ती माणसांपुढे बोलली, तर तिथे माणसंच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तिला एकच उत्तर हवं होतं, आणि ते कुठलं हे मला दिसत होतं.

"हो," मी म्हणाले. "चारशे बारा जणांनी."

तारला हे म्हणायला आत थोडा वेळ तरी लागला होता. मला तेवढाही लागला नाही.

आईने मांडीवरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि ती उठली. "नाही आले तर नाही आले," ती म्हणाली. "ज्याला त्याला आपापले व्याप असतात. पण ऐकलं तरी."